२,१४,७४,८३,६४७ : एका मोठ्या मूळ संख्येची सिद्धता, गुणधर्म आणि उपयोजन

सारांश :
२ या संख्येच्या ३१ व्या घातातून १ वजा केल्यास २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मिळते. ही संख्या मूळ आहे, असे विधान सतराव्या शतकाच्या आरंभापासून केले जात होते. मात्र तिची सिद्धता १७७२ साली लिओनार्ड ऑयलर यांनी दिली. प्रस्तुत लेखात या संख्येची रचना, तिच्या मूळत्वाच्या सिद्धतेमागील विचार, परिपूर्ण संख्यांशी असलेला तिचा संबंध आणि संगणकशास्त्रातील तिचे स्थान यांचे विवेचन केले आहे. विधान आणि सिद्धता यांतील अंतर या एका उदाहरणातून कसे स्पष्ट होते, हे दाखविणे हा लेखाचा मुख्य हेतू आहे.

बीजसंज्ञा : मूळ संख्या, मर्सेन संख्या, परिपूर्ण संख्या, विभाजकता, द्विमान पद्धती.

१. प्रस्तावना

एखादी संख्या मोठी आहे एवढ्यावरून ती गणिताच्या दृष्टीने महत्त्वाची ठरत नाही. कोणत्याही मोठ्या संख्येत १ मिळविला की तिच्याहून मोठी संख्या मिळतेच. मोठ्या संख्येचे महत्त्व तिच्या रचनेत आणि त्या रचनेवरून तिच्याविषयी काय सिद्ध करता येते यात असते. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस ही दहा अंकी संख्या या दृष्टीने अभ्यासनीय आहे. दशमान पद्धतीत तिच्या अंकांत कोणतीही संगती दिसत नाही. द्विमान पद्धतीत मात्र ती सलग एकतीस वेळा १ हा अंक लिहून व्यक्त होते. बुद्धिबळाच्या पटावरील पहिल्या घरात धान्याचा एक दाणा आणि पुढील प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट दाणे ठेवल्यास पहिल्या एकतीस घरांतील दाण्यांची बेरीज नेमकी एवढीच होते.

या लेखात घातांक ^ या चिन्हाने दर्शविला आहे. म्हणजेच विचाराधीन संख्या २^३१ − १ अशी लिहिता येते. प, क, म आणि भ ही अक्षरे पूर्णांकांसाठी योजिली आहेत.

२. मर्सेन संख्या आणि मूळत्वाचा प्रश्न

२^प − १ या स्वरूपाच्या संख्यांना फ्रेंच धर्मोपदेशक व विद्वान मारँ मर्सेन यांच्या नावावरून मर्सेन संख्या म्हणतात. घातांक संयुक्त असेल तर ही संख्याही संयुक्तच असते. उदाहरणार्थ, ६ ला ३ ने भाग जातो म्हणून २^६ − १ = ६३ या संख्येला २^३ − १ = ७ ने भाग जातो. त्यामुळे २^प − १ मूळ असण्यासाठी प मूळ असणे आवश्यक आहे. परंतु ही अट पुरेशी नाही. ११ ही मूळ संख्या आहे; तरीही २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. घातांक मूळ असतानाही प्रत्येक संख्येची स्वतंत्र परीक्षा करावी लागते, हीच या विषयातील अडचण आहे.

इटालियन गणितज्ञ कातालदी यांनी ७५० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागाकार करून प = १७ आणि प = १९ या दोन घातांकांसाठी मिळणाऱ्या संख्या मूळ असल्याचे पडताळले. १६०३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी २३, २९, ३१ आणि ३७ या घातांकांसाठीही तसेच विधान केले. या चारांपैकी केवळ ३१ बाबतचे विधान खरे ठरले. १६४० साली फर्मा यांनी दाखविले की २^२३ − १ ला ४७ ने आणि २^३७ − १ ला २२३ ने भाग जातो. पुढे ऑयलर यांनी २^२९ − १ ला २३३ ने भाग जातो हे दाखविले.

स्वतः मर्सेन यांनी १६४४ साली २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ हे घातांक मूळ संख्या देतात व २५७ पर्यंतचे अन्य घातांक देत नाहीत, असे प्रतिपादन केले. या यादीतील ६७ आणि २५७ चुकीचे आहेत, तर ६१, ८९ आणि १०७ हे घातांक त्यातून सुटले आहेत. संपूर्ण यादीची तपासणी १९४७ पर्यंत पूर्ण झाली. म्हणजे त्यासाठी तीनशेहून अधिक वर्षे लागली. ३१ हा घातांक कातालदी आणि मर्सेन या दोघांच्याही यादीत होता आणि तो बरोबर होता. तथापि, ज्या याद्यांत खरी व खोटी विधाने शेजारीशेजारी आहेत, त्यांतील एखादे विधान खरे निघाल्याने ते ज्ञान ठरत नाही. त्यासाठी सिद्धतेची गरज होती.

३. पडताळणीचा सरळ मार्ग आणि त्याची मर्यादा

एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरविण्याची शालेय रीत सर्वपरिचित आहे. त्या संख्येच्या वर्गमूळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी तिला भागून पाहावे. कोणीही निःशेष भाग देत नसेल तर ती मूळ आहे. ४६,३४० चा वर्ग २,१४,७३,९५,६०० आहे आणि ४६,३४१ चा वर्ग विचाराधीन संख्येहून मोठा आहे. म्हणून ४६,३४० पर्यंतच्या मूळ संख्या तपासणे पुरेसे ठरते. अशा मूळ संख्या सुमारे ४,८०० आहेत. दहा अंकी संख्येचे इतके भागाकार हाताने आणि निर्दोष करणे अत्यंत कष्टाचे काम आहे. शिवाय एका भागाकारातील चूक संपूर्ण निष्कर्ष व्यर्थ ठरवू शकते.

ऑयलर यांच्या सिद्धतेचे मर्म असे, की त्यांनी भागाकार सुरू करण्यापूर्वी संभाव्य विभाजकांचे स्वरूप निश्चित केले.

४. संभाव्य विभाजकांचे स्वरूप

प ही विषम मूळ संख्या असून भ ही २^प − १ या संख्येचा मूळ विभाजक आहे असे मानू. याचा अर्थ २^प ला भ ने भागल्यास बाकी १ उरते. आता २ चे पहिला, दुसरा, तिसरा असे घात क्रमाने घेऊन प्रत्येकाला भ ने भागत गेल्यास ज्या घातांकाला प्रथमच बाकी १ येते, तो सर्वांत लहान घातांक लक्षात घेऊ. पुढे ज्या ज्या घातांकाला बाकी १ येते, त्या प्रत्येकाला या लहान घातांकाने निःशेष भाग जातो. म्हणून तो प चा विभाजक आहे. प मूळ असल्याने तो १ किंवा प यांपैकीच एक असला पाहिजे. तो १ असू शकत नाही. कारण तसे मानल्यास भ ने १ ला भाग जाईल. म्हणून तो प च होय.

फर्मा यांच्या लघुप्रमेयानुसार २^(भ − १) ला भ ने भागल्यावरही बाकी १ उरते. म्हणजेच भ − १ ला प ने भाग जातो. भ विषम असल्याने भ − १ सम आहे. यावरून भ = २कप + १ हे स्वरूप सिद्ध होते. प = ३१ घेतल्यास भ = ६२क + १. या स्वरूपाच्या आणि ४६,३४० पेक्षा लहान अशा संख्या केवळ ७४७ आहेत.

यापुढे आणखी एक निर्बंध मिळतो. २^३१ ला भ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून २^३२ ला भागल्यास बाकी २ उरते. परंतु २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. अर्थात एका वर्गसंख्येला भ ने भागल्यावर बाकी २ उरते. ज्या विषम मूळ संख्येच्या बाबतीत असे घडते, तिला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरते, असे संख्याशास्त्रातील एक प्रसिद्ध प्रमेय आहे. उदाहरणार्थ, ९ ला ७ ने आणि ३६ ला १७ ने भागल्यास बाकी २ उरते. ५ ने कोणत्याही वर्गाला भागल्यास मात्र बाकी ०, १ किंवा ४ च उरते.

६२क + १ या संख्येला ८ ने भागल्यास बाकी १ येण्यासाठी क ला ४ ने निःशेष भाग गेला पाहिजे आणि बाकी ७ येण्यासाठी क ला ४ ने भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे. म्हणून संभाव्य विभाजक २४८म + १ किंवा २४८म + ६३ या दोनच स्वरूपांत असू शकतात. ६३ ही संयुक्त संख्या सोडल्यास या स्वरूपाच्या संख्या ४६,३४० पर्यंत ३७२ उरतात. त्यांतीलही संयुक्त संख्या वगळावयाच्या असल्याने प्रत्यक्ष भागाकार याहून पुष्कळ कमी होतात. पहिले तीन भाजक ३११, १३०३ आणि १४८९ हे आहेत.

हीच कसोटी कातालदी यांच्या चुकलेल्या घातांकांना लावून पाहणे उद्बोधक आहे. प = २३ असता विभाजक ४६क + १ स्वरूपाचा असला पाहिजे; पहिलीच संख्या ४७ असून ती भाग देते. प = ३७ असता ७५ आणि १४९ नंतरची तिसरी संख्या २२३ भाग देते. प = २९ असता चौथी संख्या २३३ भाग देते. दोन विधाने ज्या नियमाने फर्मा यांनी खोडली आणि तिसरे ऑयलर यांनी खोडले, त्याच नियमाच्या अधिक काटेकोर रूपाने ३१ बाबतचे चौथे विधान सिद्ध झाले.

५. बाकी काढण्याची सुलभ रीत

३११ ने भाग जातो की नाही हे पाहण्यासाठी दहा अंकी भागाकार करण्याची आवश्यकता नाही. २^८ = २५६; ही संख्या ३११ पेक्षा ५५ ने कमी आहे, म्हणून तिच्या जागी −५५ घेता येते. तिचा वर्ग ३०२५ असून त्यातून ३११ चे योग्य पट वजा केल्यास −८५ मिळतात. ही २^१६ ची बाकी होय. (−८५) × (−५५) = ४६७५; याची बाकी १०. ही २^२४ ची बाकी आहे. तिला २^७ = १२८ ने गुणल्यास १२८० मिळतात व त्याची बाकी ३६ येते. म्हणजे २^३१ ची बाकी ३६ आणि २^३१ − १ ची बाकी ३५ आहे. अर्थात ३११ ने भाग जात नाही.

वर्ग करीत मोठ्या घातापर्यंत पोहोचण्याची ही कल्पना भारतीय परंपरेला अपरिचित नाही. पिंगलाच्या छंदःशास्त्रात वृत्तांचे एकूण प्रकार मोजण्यासाठी २ चा घात काढण्याचा नियम आहे. त्यानुसार घातांक सम असेल तर निम्मा करावा, विषम असेल तर १ वजा करावा आणि उलट क्रमाने येताना अनुक्रमे वर्ग व दुप्पट करावी. ३१ साठी १, २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८, १,०७,३७,४१,८२४ आणि २,१४,७४,८३,६४८ अशी नऊ पायऱ्यांची वाट मिळते. आजच्या संगणकीय प्रणालींत घात काढण्यासाठी याच तत्त्वाचा उपयोग केला जातो.

विभाजक न शोधताही मूळत्व ठरविण्याची एक कसोटी ल्यूका यांनी १८७० नंतरच्या दशकात मांडली व लेहमर यांनी १९३० साली तिला आजचे रूप दिले. ४ पासून आरंभ करून प्रत्येक वेळी वर्ग करावा, त्यातून २ वजा करावे आणि मर्सेन संख्येने भागून बाकी घ्यावी. प − २ पायऱ्यांनंतर बाकी ० आल्यास ती संख्या मूळ असते. अन्यथा ती संयुक्त असते. प = ५ साठी संख्या ३१ आहे : ४, १४, ८ (१९४ ची बाकी) आणि ० (६२ ची बाकी). तीन पायऱ्यांत ३१ चे मूळत्व सिद्ध झाले. २^३१ − १ साठी अशा केवळ २९ पायऱ्या लागतात.

६. परिपूर्ण संख्यांशी संबंध

ज्या संख्येच्या स्वतःखेरीज सर्व विभाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच होते, तिला परिपूर्ण संख्या म्हणतात; जसे ६ = १ + २ + ३. २^प − १ मूळ असेल तर तिला २^(प − १) ने गुणल्यास परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिड यांनी सिद्ध केले. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच स्वरूपाची असते, हे ऑयलर यांनी सिद्ध केले. विषम परिपूर्ण संख्या आजवर एकही सापडलेली नाही. तशी संख्या असूच शकत नाही, हेही सिद्ध झालेले नाही.

प = ३१ घेतल्यास २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही एकोणीस अंकी आठवी परिपूर्ण संख्या मिळते. इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८११ साली तिच्याविषयी लिहिताना, अशा संख्या केवळ कुतूहलाच्या असून उपयोगाच्या नसल्याने याहून मोठी परिपूर्ण संख्या शोधण्याचा प्रयत्न कोणी करणार नाही, अशा आशयाचे मत व्यक्त केले. १८७६ साली ल्यूका यांनी २^१२७ − १ चे मूळत्व सिद्ध केले आणि हे भाकीत असत्य ठरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेल्या २^१३६२७९८४१ − १ या मूळ संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत.

ल्यूका यांनी १८७६ साली २^६७ − १ संयुक्त असल्याचेही दाखविले; परंतु तिचे अवयव ठाऊक नव्हते. १९०३ साली अमेरिकन गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल यांनी १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७ हे अवयव मांडले. हा गुणाकार कोणीही स्वतः करून पाहू शकतो. मूळत्वाची सिद्धता मात्र एका गुणाकाराने पडताळता येत नाही. तिच्यामागील युक्तिवाद समजून घ्यावा लागतो.

७. संगणकशास्त्रातील दोन भूमिका

या संख्येच्या संगणकातील दोन भूमिका परस्परांपासून वेगळ्या ओळखणे आवश्यक आहे. त्यांपैकी एकीचा मूळत्वाशी संबंध आहे, दुसरीचा नाही.

पहिली भूमिका यादृच्छिक संख्यांच्या निर्मितीची आहे. एखादी संख्या घेऊन तिला १६,८०७ ने गुणावे, २^३१ − १ ने भागून बाकी घ्यावी आणि हीच क्रिया पुनःपुन्हा करावी, ही पद्धती पार्क व मिलर यांच्या १९८८ च्या शोधनिबंधामुळे विशेष प्रसिद्ध झाली. १ पासून आरंभ केल्यास १६,८०७, त्यानंतर २८,२४,७५,२४९ असा क्रम मिळतो. १६,८०७ हा ७ चा पाचवा घात आहे. भाजक मूळ असल्याने आणि हा गुणक विशेष निवडलेला असल्याने १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा आल्याखेरीज क्रमाची पुनरावृत्ती होत नाही. शिवाय २^३१ ची बाकी १ असल्याने भागाकार टाळता येतो : द्विमान रूपातील शेवटचे ३१ अंक आणि त्यांच्या डावीकडील भाग यांची बेरीज केली की तीच बाकी मिळते. ९ ने भागताना अंकांची बेरीज घेण्याच्या परिचित रीतीमागेही हेच तत्त्व आहे. ही पद्धती अध्यापनासाठी व साध्या प्रतिरूपणासाठी उपयुक्त असली, तरी गुप्तलेखनासाठी ती योग्य नाही. कारण एका संख्येवरून पुढील सर्व संख्या काढता येतात.

दुसरी भूमिका मर्यादेची आहे. ३२ द्विमान अंकांच्या जागेत धन व ऋण पूर्णांक साठविताना मोठ्यात मोठी धन संख्या २,१४,७४,८३,६४७ असते. तिच्यात १ मिळविल्यास सामान्यतः ऋण २,१४,७४,८३,६४८ हे मूल्य येते. अनेक प्रणालींत काळ हा १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून लोटलेल्या सेकंदांत मोजला जातो. ही मर्यादा २४,८५५ दिवस, ३ तास, १४ मिनिटे व ७ सेकंदांनी, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी गाठली जाईल. ज्या प्रणालीत सुधारणा झालेली नसेल, तिला त्यापुढील क्षण डिसेंबर १९०१ मधील वाटू शकेल. ६४ अंकांची जागा वापरणे हा यावरील उपाय असून अनेक प्रणालींनी तो स्वीकारला आहे. हा प्रश्न केवळ २०३८ सालचा नाही. वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्ती धरली तरी १९ जानेवारी १९८० नंतर जन्मलेल्या अध्यापकाची निवृत्तीची तारीख या मर्यादेपलीकडे जाते. २०२० साली घेतलेल्या वीस वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ताही तिच्यापलीकडेच येतो.

या दुसऱ्या भूमिकेत संख्येचे मूळत्व हा योगायोग आहे. १६ अंकांच्या जागेची मर्यादा ३२,७६७ असून ती ७ × ३१ × १५१ अशी संयुक्त आहे. ६४ अंकांच्या जागेची मर्यादा २^६३ − १ असून ६३ ही संयुक्त संख्या असल्याने तीही संयुक्तच आहे. मर्यादा जागेच्या आकारावरून ठरते. मूळत्वाचा तेथे काहीही वाटा नाही.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) कातालदी आणि मर्सेन यांनी २^३१ − १ विषयी केलेले विधान खरे होते, परंतु सिद्धतेअभावी खरे विधान आणि शेजारचे खोटे विधान यांत भेद करण्याचे साधन नव्हते. विधान करणाऱ्याचा अधिकार हे ते साधन होऊ शकत नाही.

२) सुमारे ४,८०० भागाकारांऐवजी ३७२ हून कमी भागाकार पुरेसे ठरले, ते संख्येच्या रचनेविषयीच्या दोन प्रमेयांमुळे. गणितातील प्रमेय श्रमांची जागा घेते, ती अशा प्रकारे.

३) बार्लो यांना निरुपयोगी वाटलेल्या संख्येशी जोडलेली मूळ संख्या पुढे संगणकाच्या व्यवहारात उपयोगी पडली. संशोधनाच्या उपयुक्ततेविषयी त्याच्या काळातच अंतिम निर्णय देणे धोक्याचे असते, हे यावरून दिसून येते.

४) पदवी स्तरावर मूळ संख्यांच्या याद्या आणि व्याख्या शिकविल्या जातात. त्याऐवजी ३११ ची बाकी विद्यार्थ्यांकडून फळ्यावर काढून घेतल्यास आणि कातालदी यांचे चुकलेले घातांक त्यांच्याकडूनच तपासून घेतल्यास सिद्धता म्हणजे काय, याचा अनुभव एका तासिकेत देता येईल. त्यासाठी फर्मा यांच्या लघुप्रमेयाखेरीज अन्य पूर्वज्ञानाची फारशी गरज भासणार नाही. आज संगणक एखादी संख्या मूळ आहे की नाही हे क्षणात सांगतो. ते उत्तर का मानावे, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यास लावणे हे अध्यापकाचे काम आहे.